भाऊकाकांच्या घराचं काम आपण घेत नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आधी बातमी सांगते, मग कारणं. भाऊकाकांच्या घराच्या विक्रीचं काम आपण घेत नाही, असं मी त्यांना लेखी कळवलंय. तुम्हाला न विचारता कळवलं, त्याची टोचणी आहेच. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असतात, आणि तुमच्या "बघू"चं पुढे काय होतं ते आईला विचारा. करारावर सही व्हायच्या आधी नकार दोन ओळींत भागतो. सही झाली की तोच नकार निस्तरताना महिने जातात.

काका वाईट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. आत्याच्या वेळी ते कसे उभे राहिले ते मीही विसरलेले नाही. त्यांचं म्हणून जे करायचं ते आपण घरचे म्हणून करूच. एजंट म्हणून मात्र नाही.

पहिलं कारण भाव, आणि खरं तर ते सगळ्यांत हलकं. त्याच भागातले, साधारण त्याच आकाराचे, गेल्या ६ महिन्यांत नोंदणी झालेले ३ व्यवहार घेतले. मजला, इमारतीचं वय, पार्किंग यांचा फरक अधिक-उणा केला, तरी काकांचा आकडा चौथाईने वर जातो. ते जाहिरातींतले भाव दाखवतात, पण तो मागितलेला भाव झाला, मिळालेला नव्हे. घर बाजारात नवं असतं तेव्हाच त्या भागात शोधणारी बहुतेक गिऱ्हाइकं ते बघतात. पहिले ३-४ आठवडे भाव ऐकूनच ती फिरली, की नंतर भाव उतरवला तरी "इतके दिवस पडून आहे, काहीतरी खोट असणार" हाच प्रश्न येतो. भाव १० टक्के चढवला तर आपली दलालीही १०च टक्के वाढते, आणि फोटो, जाहिराती, हेलपाटे मात्र सौदा होईपर्यंत आपल्याच खिशातून. तरीही निव्वळ भावावरून मी कोणाला परत पाठवणार नाही. "४ आठवड्यांत ठोस बोली आली नाही तर इतका भाव उतरवू" हे मालक लिहून देत असेल तर काम घ्यावं. काका लिहून देत नाहीत.

दुसरं कारण ती भिंत. तुम्ही घर बघितलंत ते बैठकीत बसून. आतल्या खोलीत तीन भिंतींचा रंग जुना, फिका, आणि बाथरूमला लागून असलेली एकच भिंत नवी कोरी. हात फिरवला की खालच्या हातभर भागात रंगाखाली बारीक फुगे लागतात, कोपऱ्यात पांढरा क्षार फुटलाय, आणि कपाट सरकवलं की कुबट वास येतो. पाणी मुरतंच आहे, वरून रंग मारलाय एवढंच. काका म्हणतात, "कोणी विचारलं तर सांग, आपण होऊन कशाला?" बाबा, गळती असणं हे नकाराचं कारण नव्हेच. प्लंबरकडून तपासून घ्या, दुरुस्तीचा अंदाज काढा, तो घेणाऱ्यापुढे ठेवा, भाव त्या हिशेबाने धरा. अशी घरंही विकली जातात. लपवायला सांगितलं की मात्र तिथेच थांबायचं. रंग सुटला की घेणारा आधी मालकाला नाही, घर दाखवणाऱ्याला फोन करतो.

तिसरं, सह्या. कागदावर नावं तीन, बोलणारे एकटे काका. "धाकटीची सही मी आणतो" हे घरात चालतं, सौद्यात नाही. टोकन घेतल्यावर तिने नाही म्हटलं तर घेणारा पैसे मागायला आपल्याच दारात येणार. तिन्ही मालकांची लेखी संमती आधी, जाहिरात नंतर. आणि काका एक जुनं मुखत्यारपत्र दाखवतात, पण ज्यांनी ते दिलं ते आता हयात नाहीत. अशा वेळी ते पत्र सहसा तिथेच संपतं. वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर पाऊल टाकायचं नाही.

आता तुमच्या वहीतल्या बाकीच्या पार्ट्यांबद्दल. अमुक जातीधर्माच्या माणसांना घर दाखवू नका म्हणणारा मालक: नको. ओळखपत्र न देता संध्याकाळी एकट्याने रिकामं घर दाखवा म्हणणारा: नको, मग तो कितीही मोठा घेणारा असो. आणि "रक्कम तुमच्या खात्यात टाकतो, सौदा मोडला तर या दुसऱ्या खात्यावर परत करा" म्हणणारा तर मुळीच नको. काळा पैसा असाच धुतला जातो. एफएटीएफ ही काळा पैसा धुण्याविरुद्ध नियम सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २२व्या शिफारशीत घरांच्या एजंटांनाही गिऱ्हाइकाची पडताळणी करायला सांगितलंय, ते यासाठीच. अशा माणसाला नकाराचं कारणही सांगत बसू नका. "सध्या नवीन काम घेत नाही" म्हणा आणि मला फोन करा. कुठे कळवायचं ते मी बघते.

उलट, दहा वेळा कागद मागणाऱ्याला, प्रत्येक नळ सोडून बघणाऱ्याला कंटाळून घालवू नका. पहिल्यांदा घर घेणारा असाच वागतो, आणि सौदाही तोच नीट पार पाडतो. लहानपणी मी तुमच्या टेबलाखाली बसून किल्ल्यांचे जुडगे रंगांप्रमाणे लावायचे, तेव्हा तुम्ही अशा माणसांना किती शांतपणे समजावत होता ते कान देऊन ऐकायचे. तुमच्यासारखं ते मला अजून जमत नाही.

काकांचे मूळ कागद आणि दोन किल्ल्या तुमच्या कपाटात आहेत. त्या देताना यादी करून पोच घ्या. त्यांचा कमीत कमी आकडा आपल्याला माहीत आहे, तो कोणापाशी काढायचा नाही, आईपाशीसुद्धा नाही. दुसऱ्या एजंटाचं नाव सुचवलंत तर त्या भिंतीबद्दल त्याला काकांकडूनच कळू द्या, आणि त्या ओळखीवर दलालीतला हिस्सा घेऊ नका. ज्यांच्याशी करार आधीच झालाय, त्यांच्यापैकी कोणाला सोडायचं असेल तर आधी करारातली नोटिशीची मुदत वाचा. हातात आलेली बोली मालकाला कळवून मगच थांबायचं, आणि आपण घर दाखवलेल्या गिऱ्हाइकांची नावं, तारखा लिहून द्यायच्या. दलालीचे वाद तिथेच होतात.

काम कमी झालं म्हणून ऑफिस बंद होत नाहीये, बाबा. तुमची खुर्ची, तुमचा पंखा, खिडकीकडचं टेबल सगळं तिथेच राहील. सकाळी दोन तास या, कागद तपासा. माझ्यापेक्षा तुमची नजर पक्की आहे. लिफ्ट नसलेल्या इमारती मी बघेन. गुडघ्याचा पट्टा खिशात नाही, गुडघ्यावर असू दे.

आई, काका घरी आले तर तू मध्ये पडू नकोस, पण रागावून पाठवूही नकोस. "तिने ठरवलंय, तिलाच विचारा" एवढंच म्हण. आणि बाबांची बीपीची गोळी रोज त्याच वेळी, फोन चालू असला तरी. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय, आधीचे रिपोर्ट पिवळ्या फाइलमध्ये आहेत. ती आजच काढून ठेव.

तुमची,
मनू