अंधार अडचणीचा नव्हे, योजलेला

रविवारच्या पुरवणीतील मध्ययुगीन युरोपच्या चर्चवरील लेखात ‘खिडक्या लहान, म्हणून मेणबत्त्या, त्यात धर्माचा संबंध नाही’ असे म्हटले आहे. ते मुळीच पटत नाही. प्रकाश आणि अंधार दोन्ही उपासनेत मोजूनमापून वापरले जात.

ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहातील ‘टेनेब्रे’ म्हणजे ‘अंधार’ नावाचा विधीच पाहा. त्रिकोणी दीपदानावर बहुधा 15 मेणबत्त्या लावत. काही ठिकाणी संख्या वेगळी असे. पहाटेपूर्वीच्या प्रार्थनेतील 9 आणि त्यानंतरची 5 स्तोत्रे, प्रत्येक संपताच एक मेणबत्ती मालवायची. उरलेली शेवटची मात्र विझवायची नाही. ती जळतीच वेदीमागे लपवायची. गडद अंधारात ग्रंथ आपटल्याचा आवाज होई आणि मग तीच ज्योत पुन्हा समोर आणत. केवळ उजेड हवा असता, तर इतका खटाटोप कोणी कशाला केला असता?

वेदीवर मेणही मधमाशांचेच लागे. चरबीची मेणबत्ती स्वस्त, पण ती उष्णतेने लवकर मऊ पडते, ओघळते, काजळी धरते आणि उग्र वास सोडते. मधमाशांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते आणि स्वच्छ जळते. ईस्टरच्या पूर्वरात्री मोठी मेणबत्ती पेटवल्यावर गायिल्या जाणाऱ्या स्तवनात तर मधमाशांचा उल्लेखच आहे.

खिडक्यांचे म्हणाल, तर पॅरिसजवळच्या सें-देनी मठाचे मठाधिपती सुजेर यांनी तिथल्या चर्चच्या 1144 मध्ये पूर्ण केलेल्या वेदीभागात रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्या मुद्दाम बसवल्या होत्या.

— एक वाचक, वसई