पेटी खरवडू नकोस

वाई,
९ ऑगस्ट

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. इथे पाऊस उघडत नाही आणि अशा ओलीत मधमाश्यांच्या पेट्यांना हात लावता येत नाही, म्हणून आज सवड झाली.

मागच्या पावसाळ्यात माझ्या दोन मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाश्यांच्या वसाहती संपल्या, आठवतं? साखरेचा पाक वेळेवर देत होतो, माश्या उपाशी नव्हत्या. मग गेल्या कशाने? खात्रीने मलाही सांगता येणार नाही, पण तेव्हापासून पाकावरचा माझा भरवसा उडाला.

परागकणांच्या कवचात पी-कुमारिक आम्ल असतं. ते मधात आणि प्रोपोलिसमध्येही, म्हणजे माश्यांच्या राळेच्या लिंपणातही, सापडतं, साखरेत मात्र नसतं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली ते पाकात मिसळून माश्यांना दिलं. विषं निकामी करणारी जनुकं जोमाने कामाला लागली, जंतूंशी लढणारी प्रथिनं बनवणारी काही जनुकंही. कुमाफॉस, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ किडीवरचं औषध, माशीच्या आतड्यात सुमारे ६० टक्के जास्त मोडून निकामी होऊ लागलं. आपण पोट भरत होतो रे, पथ्याचं राहूनच जात होतं!

आता तुझ्यावर येतो. पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी लखलखीत ठेवायची तुझी हौस जुनी, पण ते चिकट, तांबूस प्रोपोलिस म्हणजे घाण नव्हे. माश्या झाडांची राळ आणून पेटीला आतून लिंपतात. मिनेसोटात मार्ला स्पिव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की असं लिंपण असलं की पेटीत जंतू कमी होतात आणि माश्यांच्या प्रतिकारशक्तीवरचा ताण हलका होतो. वसाहतींना खडू रोगाची, म्हणजे पिल्लांना मारणारी, बुरशी लावून पाहिली, तर राळ आणणाऱ्या माश्या वाढल्या. चौकटी निघण्यापुरतं काढ, भिंतींना हात लावू नकोस. मी तर नव्या पेटीच्या फळ्या आतून मुद्दाम खडबडीत ठेवल्यात. सातेरीला, आपल्या देशी मधमाशीला, मात्र हा नाद नाही, तिच्या पेटीत राळ शोधू नकोस.

आणि व्हरोआला थायमॉल, म्हणजे आपलं ओव्याचं फूल, चालतं. पोटदुखीवरचं आजीचं औषध इथेही! पण तुझ्या सांगोल्याच्या उन्हात ते भराभर उडतं आणि माश्या दाराबाहेर लटकतात. थंडी पडेपर्यंत थांब.

डाळिंबाच्या बांधावरचं फुलणारं तण या वर्षी तरी ठेवलंस का? दिवाळीनंतर दहा पेट्या घेऊन येतोय, त्याआधी कळव.

तुझा,
अनंता