अप्पांच्या किडनीची मोजणी

सोलापूर, १२ मे

प्रिय सुरेश,

अप्पांचा रिपोर्ट पाहिला. क्रिएटिनिन १.२, छापील मर्यादेत आहे म्हणून तू निर्धास्त झालास, पण मला घोर लागलाय. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून तयार होणारा कचरा, किडनी तो गाळून लघवीत टाकते, आणि अप्पांच्या अंगावर मांस उरलंय कुठे? ७२ वर्षं, ४८ किलो. मुळात तयारच कमी होतंय, म्हणून किडनीची गाळण मंदावली तरी रक्तातला आकडा साळसूद दिसतो.

खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली गाळते त्याचा अंदाज, ६४ छापलाय, त्या सूत्रात वय आहे, वजन नाही. जुनं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं लावून बघ: १४० मधून वय वजा कर, वजनाने गुण, मग ७२ (हा सूत्रातलाच आकडा, वय नव्हे) गुणिले क्रिएटिनिनने भाग. मिनिटाला ३८ मिली येतात. एकाच माणसाचे ६४ आणि ३८! डॉक्टरांनी २४ तासांची लघवी मागितली ती यासाठीच.

रविवारी सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची, ती रात्रीची. तिथून घड्याळ सुरू. पुढची प्रत्येक वेळ लॅबच्या कॅनमध्ये, आणि सोमवारी सहाचीसुद्धा कॅनमध्येच. बरेच जण नेमकं इथेच उलटं करतात. संडासला बसण्याआधी भांड्यात लघवी करायला सांग, नाहीतर तेवढी वाहून जाते. कॅन फ्रिजमध्ये ठेव. वहिनींना ते नको वाटलं तर बादलीत बर्फ घालून त्यात. आपल्या मे महिन्यात उघड्यावर नकोच. शनिवारपासून मटण बंद, शिजलेल्या मटणानं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. भाकरी, शेंगाचटणी, दही चालेल. पाणी रोजच्याइतकंच. कॅन द्यायला जाल तेव्हाच रक्तही द्या.

हिशेब असा. समज, १४०० मिली लघवी भरली आणि तिच्यात डेसिलिटरला ५० मिग्रॅ क्रिएटिनिन निघालं, म्हणजे दिवसाचं ७०० मिग्रॅ. त्याला १४४० मिनिटांनी भागायचं, मग रक्तातल्या क्रिएटिनिनने, डेसिलिटरला १.२ म्हणजे मिलिलिटरमागे ०.०१२ मिग्रॅने. उत्तर साधारण ४०. आता तीनशे मिलीची एक वेळ सांडली तर तेच ३२ येतं. रविवारची पहिली, तेवढीच, चुकून कॅनमध्ये ओतली तर ४९. खरं तर नीट जमवली तरी आकडा थोडा चढाच येतो, कारण काही क्रिएटिनिन न गाळता किडनीतल्या बारीक नलिकांतूनही लघवीत उतरतं. हे डॉक्टर धरतातच.

एक वेळ जरी हुकली तरी अंदाजाने भर घालू नकोस. कॅन रिकामी कर, लॅबमधून दुसरी आण आणि दुसऱ्या सकाळी पहिल्यापासून सुरू कर.

तुझा,
विनायक