मास्क लाव

चि. केदार,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून इंग्लंडातल्या बोर्टनच्या त्या चिमुकल्या गावाची दुरुस्ती करायला जाणार, हे तू ताईला कळवलंस, मला नाही. असो. बाबांनी फोटो मोठा करकरून पाहिला. "कौलंसुद्धा दगडाची आहेत गं," म्हणाले आणि खोकत बसले. हा खोकला दगडाच्या धुळीचा, तुला माहीत आहे. मास्क लाव.

सराय चालवणाऱ्या मॉरिस पती-पत्नीने आपल्या बागेत गावाची १:९ मापाची प्रतिकृती उभारली, १९३७ साली, सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या दिवशी ती खुली झाली. दगड खऱ्या घरांचाच, तिकडचा पिवळसर चुनखडीचा. त्या गावातही पुन्हा छोटं गाव, त्यात आणखी छोटं! २०१३ पासून ते संरक्षित आहे. अशा कामाला आपल्या घरातला हात लागतोय. बाबा शेजाऱ्यांना सांगून थकत नाहीत.

सांध्यात सिमेंट भरू नकोस. ते दगडाहून कडक; ओल सांध्यातून निघत नाही, दगडात कोंडते, थंडीत गोठून फुगते आणि पापुद्रे सुटतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू. वाळू रव्याच्या चाळणीने चाळ, एवढ्याशा सांध्यात जाडी बसत नाही. आधी सांधा भिजव, भरल्यावर ओलं गोणपाट टाक. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर चुन्याला हातच लावू नकोस.

झाडांचंही तसंच. मीटरभर वाढलेलं झाड तिथे नऊ मीटरचं दिसतं, शेजारचं घर लगेच खोटं वाटतं. कात्रीनेच छाट, मशीनने पानं अर्धवट कापली जातात, कडा करपतात. मुळं पायाखाली शिरली तर भिंतच उचलतात.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस, तिथले कारागीर सांगतीलच. पण दगड कोरडा कापू नकोस, भिजवून काप. धूळ झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. आणि दाढी असली की मास्क गालाला चिकटत नाही, कडेने धूळ आत जाते. त्या दिवशीचं भांडण उकरून काढत नाहीये रे. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, एवढंच.

बाबांनी त्यांची बारीक छिन्नी ताईच्या पार्सलात ठेवली आहे. तिला धार लावतानाही मास्क लाव.

तुझी,
आई