सुळे कधी येणार?

ती. बाबांना शि. सा. नमस्कार. आईला वेगळं लिहीत नाही, हेच तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "काय, बोलायला लागला का मराठी?" आणि मी पुन्हा विषय बदलला. तुम्ही चिडला नाहीत, नुसतं "बरं" म्हणालात. ते "बरं" काही डोक्यातून जाईना. शनिवारी दिवसभर पाऊस, म्हणून चिरंजीवांना घेऊन 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' या कार्टूनपटाचा दुसरा भाग बघत बसले. त्याला तो तोंडपाठ आहे, मी मात्र पहिल्यांदाच धड पाहिला. आणि बाबा, रागावू नका, पण त्यातला ड्रॅक्युला म्हणजे हुबेहूब तुम्ही.

भुताखेतांचं हॉटेल चालवणारा हा सुळेवाला, रक्तपिपासू म्हातारा. त्याची मुलगी मेव्हिस एका साध्या माणसाशी, जॉनीशी लग्न करते. त्यांना डेनिस होतो, लालभडक कुरळ्या केसांचा. आता हा पोरगा आईसारखा रक्तपिपासू निघणार की बापासारखा माणूस? पाचव्या वाढदिवसापर्यंत सुळे आले तर आले, नाहीतर संपलं. आजोबा रोज नातवाच्या तोंडात डोकावतात. वर सगळ्यांना सांगत फिरतात, की मला काही फरक पडत नाही हो, आहे तसा गोड आहे. आपल्याकडचा नातूही येत्या महिन्यात पाच वर्षांचा होतोय, म्हणून मी जरा सावरून बसले.

मग हे आजोबा लेक-जावयाला फिरायला धाडतात आणि मागे नातवाला घेऊन दोस्तांसोबत निघतात, त्याला 'आपलं' काहीतरी शिकवायला. एकेक जण घाबरवायचं प्रात्यक्षिक देतो आणि फजिती होते. दोस्तांपैकी फ्रँकेन्स्टाइन नावाच्या राक्षसाला बघून माणसं पळत नाहीत, खूश होऊन त्याच्यासोबत फोटो काढतात! शेवटी ड्रॅक्युला त्याला लहानपणीच्या शिबिरात नेतो आणि एका मोडकळीला आलेल्या उंच मनोऱ्यावरून सरळ खाली सोडतो. पडता पडता उडायला लागेल म्हणे. पोरगं खाली येतंय, येतंय, आणि आजोबा वर उभे, आता उडेल, मग उडेल. अगदी जमिनीशी आल्यावर झेप घेऊन झेलतात. चिरंजीव खिदळत होते. माझ्या हातातली उशी मात्र पार चुरगळली होती. मला तुमची विहीर आठवली. मला पोहायला शिकवताना तुम्हीही काठावर असेच उभे होतात ना?

मेव्हिसचं प्रकरण मला जास्त लागलं. पोराच्या भल्यासाठी ती कॅलिफोर्नियाला जायचं ठरवते आणि तिथल्या साध्या दुकानात थंड पेयांचे प्रकार बघूनच हरखून जाते. सासूबाई बिचाऱ्या तिला परकं वाटू नये म्हणून खोली भुताटकीसारखी सजवतात. हेतू चांगला, पण बघणाऱ्याला ओशाळं व्हावं. इथे आल्यावर मलाही अशी मायाळू माणसं भेटली, त्यामुळे हसू जरा उशिरा आलं. दिग्दर्शक गेंडी टार्टाकोव्स्की मूळचा मॉस्कोचा, सात वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला. हे कळल्यावर तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला.

त्याची चित्रं बघायला तुम्हाला मजा येईल. काम संगणकावरचं, पण माणसं जुन्या हातानं काढलेल्या व्यंगचित्रांसारखी ताणतात, आक्रसतात. ड्रॅक्युला चालत नाही, तरंगत सरकतो. आणि शेवटाकडे त्याचाही बाप येतो, व्लाड! म्हणजे आजोबांवर पणजोबा. त्याला आवाज दिलाय विनोदी नट-दिग्दर्शक मेल ब्रूक्स यांनी, तेव्हा वय वर्षं ८९. ड्रॅक्युलाचं विडंबन त्यांनी स्वतःच १९९५ मध्ये केलं होतं. या पणजोबांना माणसं खपत नाहीत, म्हणून वाढदिवसाला आलेल्या माणसांना भुतांचे मुखवटे घालून बसवतात. तुमच्यातला बँकवाला विचारणारच, म्हणून सांगते: चित्रपट २०१५ चा, खर्च सुमारे ८ कोटी डॉलर, गल्ला ४७ कोटींच्या वर.

आता माझी तक्रार. ऐन वेळी ड्रॅक्युला नातवाला पोटाशी धरतो आणि आपल्या बापाला ठणकावतो, की हा जसा आहे तसा मला हवाय. माझे डोळे भरून आले. आणि दहा मिनिटांत काय? मैत्रिणीवर संकट येतं, डेनिस चवताळतो आणि सुळे येतातच! मग आजोबांनी मन मोठं केलं त्याची परीक्षा झालीच कुठे? नापास होण्याची भीती गेल्यावर निकालाची पर्वा नाही म्हणण्यासारखं झालं. मला तर हा शेवट फसवणुकीचा वाटला. चिरंजीव मात्र सोफ्यावर उभे राहून ओरडत होते.

तेव्हा बाबा, चित्रपट संपल्यावर तो माझ्या गळ्यात पडला आणि घडाघडा मराठी बोलला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. त्याला सगळं कळतं, "ऊठ" म्हटलं की उठतो, "नको" एवढं मात्र ठसक्यात म्हणतो. बाकी इंग्रजी. पुढेही कदाचित एवढंच राहील. तुम्ही विचारायचं थांबवू नका, पण विचारून झालं की त्याच्याशी दुसरंही काहीतरी बोला.

रात्री निजताना त्यानं विचारलं (इंग्रजीतच), आजोबांना सुळे आहेत का? मी म्हटलं, आहेत तर, पण रात्री काढून पाण्याच्या पेल्यात ठेवतात. त्याचे डोळे एवढे मोठे झाले! रविवारच्या फोनची तो वाट बघतोय. आईला पेला तयार ठेवायला सांगा, आणि तो म्हणेल तेव्हा कवळी काढून दाखवाच.

तुमची,
ताई