भांडण लपवलं तिथेच चुकलं

संपादक साहेब, नमस्कार.

२७ डिसेंबर २०११ ला आम्ही गावातले आठ जण मुंबईत बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानात अण्णांच्या उपोषणाला गेलो होतो, भ्रष्टाचाराची चौकशी करणारा लोकपाल हवा म्हणून. डोक्यावर 'मी अण्णा हजारे'ची टोपी, पिशवीत चपाती-चटणी. ऑगस्टमधलं रामलीला मैदान टीव्हीवर बघितलेलं, तेच डोळ्यासमोर होतं आणि इथे बघतो तर मैदान बरंचसं मोकळं. अण्णांना ताप, दुसऱ्याच दिवशी उपोषण सुटलं. परत येताना आमच्यातच जुंपली, एक म्हणे पक्ष काढल्याशिवाय काही होत नाही, दुसरा म्हणे राजकारणात शिरलात की संपलात. दोघंही मनापासून बोलत होते. पुढे १९ सप्टेंबर २०१२ ला अण्णा आणि केजरीवाल याच मुद्द्यावर वेगळे झाले.

मतभेद होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माहिती अधिकार चळवळीतल्या अरुणा रॉय यांच्या गटाचा लोकपालचा मसुदाही वेगळाच होता, एकाच यंत्रणेच्या हातात एवढी ताकद नको असं त्यांचं म्हणणं, त्यावर खरंतर गावोगाव चर्चा व्हायला हवी होती. पण तेव्हा जनलोकपालवर, म्हणजे अण्णांच्या बाजूच्या मसुद्यावर, जरा शंका काढली की तुम्ही सरकारची माणसं. आम्हीपण असं बोललोय लोकांना, आज त्याचं वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त लागलं ते मार्च २०१५ मध्ये. अ‍ॅडमिरल रामदास, नौदलाचे माजी प्रमुख, आपल्या अलिबागजवळ राहायचे, केजरीवालांच्या आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल होते. पक्षातलेच नेते योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना काढायची बैठक होती तिला तुम्ही येऊ नका असं त्यांनाच कळवलं आणि लगेच त्यांचं पदही गेलं. अहो देशाला लोकपाल मागत उभा राहिलेला पक्ष, आणि घरातला लोकपाल नको झाला?

या सगळ्यात कायद्याचं काय झालं बघा. डिसेंबर २०१३ मध्ये लोकपाल मंजूर झाला, अण्णांनी राळेगणला उपोषण सोडलं, केजरीवालांनी त्यालाच जोकपाल म्हटलं. पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये! मधली पाच वर्षं कोणी कोर्टात भांडलं, कोणी उपोषणाला बसलं, पण सगळे मिळून मैदान काही परत भरलं नाही.

आता आमच्या तालुक्यात माहिती अधिकारवाल्यांचे दोन गट झालेत. हे म्हणतात ते सेटिंग करतात, ते म्हणतात हे ब्लॅकमेल करतात. माझं दोन्ही गटांना हात जोडून सांगणं आहे की तुमचा हिशोब, कोणाचे किती पैसे आले, कोणता अर्ज का मागे घेतला, हे चावडीवर सगळ्यांसमोर वाचा आणि तिथेच काय भांडायचं ते भांडा. आपण ऑफिसला माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ दाखवतो ना, माहिती स्वतःहून जाहीर करा म्हणून, मग स्वतःला का नाही?

गेल्या आठवड्यात एक म्हातारे काका आले, प्लास्टिकच्या पिशवीत अर्जाची पोच, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेली झेरॉक्स. नळाच्या पाइपलाइनचं बिल मागितलं होतं, तीस दिवस कधीच उलटलेत. विचारत होते, कोणत्या गटाकडे जाऊ? मला काही सांगता येईना. ओट्यावर बसूनच त्यांचं पहिलं अपील मीच लिहून दिलं.

आपला,
एक वाचक, नगर जिल्हा