ईडीएफ जेट डब्यातून काढलं आणि उडवलं, असं होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रिमोटवरच्या जेट विमानांचा लेख वाचला. छंद लोकांपर्यंत पोचतोय याचा खूप आनंद झाला, पण त्यात एक वाक्य होतं की आता ही विमानं जवळजवळ तयारच मिळतात, बॅटरी लावायची आणि उडवायची. त्या एका वाक्यासाठी हे पत्र. ते वाचून कितीतरी आईवडील मुलांना पहिलंच विमान म्हणून जेट घेऊन देतील, ते पहिल्या मिनिटात जमिनीत घुसेल आणि पोरगं म्हणेल मला हे जमतच नाही. त्याला जमलं असतं हो, फक्त जेट हे प्रॉपेलरच्या विमानासारखं वागत नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

फरक काय ते सांगतो. साध्या इलेक्ट्रिक विमानात पुढे प्रॉपेलर असतो, थ्रॉटल, म्हणजे मोटरची ताकद, दिलं की त्याची हवा पंखांवरून आणि शेपटीवरून जाते, म्हणजे विमान जवळजवळ उभं असलं तरी शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे डावी-उजवीकडे वळवणारा रडर आणि नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर, काम करतात. ईडीएफ म्हणजे इलेक्ट्रिक डक्टेड फॅन, यात छोटा पंखा विमानाच्या पोटात एका नळीत बसवलेला असतो, तो पुढून हवा ओढतो आणि मागून सरळ बाहेर फेकतो. त्यातली हवा शेपटीवर जवळपास पडतच नाही. त्यामुळे थ्रॉटल पूर्ण असलं तरी विमानाला वेग येईपर्यंत ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) स्टिक हलवून काही होत नाही. ट्रेनरवर, म्हणजे शिकायच्या साध्या विमानावर, शिकलेल्या हाताला सवय असते की विमान मंदावलं की थ्रॉटल द्यायचं आणि नाक उचलायचं, आणि जेटमध्ये नेमकं तेच केलं की पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचलायची ताकद जाते, एक बाजू गळते आणि खाली जमीन असते.

दुसरा फरक ताकदीचा. तेवढाच थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, मिळवायला मोठा प्रॉपेलर भरपूर हवा सावकाश ढकलतो, छोटा फॅन थोडी हवा खूप जोरात ढकलतो, आणि हवा जोरात ढकलायला वीज जास्त लागते कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साधारण ८० मिमीचा फॅन ६एस (सहा सेलच्या) बॅटरीवर ८० ते १०० अँपिअर खातो, म्हणजे सुमारे २००० वॉट, आणि त्या बदल्यात तीन किलोच्या आसपास थ्रस्ट देतो. फॅन फिरतो मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास. हिशोब केला तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ६०० किमीच्या घरात जातो. हे खेळणं म्हणून बघू नका एवढंच म्हणणं आहे.

लेखात ही सगळी नवीन टेक्नॉलॉजी असल्यासारखं लिहिलंय, तेही तितकं खरं नाही. रेडिओ कंट्रोलचं इलेक्ट्रिक विमान ब्रिटनमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी १९५७ मध्येच उडवलं होतं, आणि डक्टेड फॅनची मॉडेल जेट आधी ग्लो इंजिनवर, म्हणजे इंधनाच्या छोट्या इंजिनवर, चालायची. ब्रशलेस मोटर आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी २००० नंतर सर्रास मिळायला लागल्या तेव्हा इलेक्ट्रिक फॅनला खरा जीव आला.

आता सेटअप. माझ्या मते निम्मी जेट टेबलावरच पडलेली असतात, मैदानात फक्त ते दिसतं. सुरुवात फॅनपासून करा. रोटर, म्हणजे पात्यांचं चाक, हाताने सावकाश फिरवून बघा, कुठेही घासायला नको, सगळीकडे फट सारखी पाहिजे. फॅन विमानात बसवताना स्क्रू जास्त आवळले की त्याचं घर किंचित दबून अंडाकृती होतं आणि पाती एका बाजूला घासायला लागतात, बाहेर ठेवून चालवला तर गुळगुळीत आणि आत बसवला की खरखर, असं असेल तर आधी स्क्रू बघा. मग बॅलन्स. रोटर बॅलन्सरवर ठेवून हलक्या बाजूला टेपचा छोटासा तुकडा लावायचा, वेळ लागतो पण एवढ्या आरपीएमला अर्ध्या ग्रॅमचा फरकसुद्धा बेअरिंग खातो, आवाज कर्कश होतो आणि करंट वाढतो. बारा पात्यांच्या फॅनचा आवाज खऱ्या जेटसारखा येतो म्हणून लोक तो घेतात, मलाही तो आवडतो, पण बॅलन्स नसेल तर तो आवाज शिट्टी होऊन बसतो. नळीच्या आत एकही सुटी वायर, लोंबता झिप टाय, फोमचा कण राहता कामा नये, फॅन सगळं ओढून घेतो. नळीत सर्वोच्या, म्हणजे कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या, वायरी जात असतील तर त्या भिंतीला चिकटवा. मागचं तोंड स्वतःच्या मनाने अरुंद करू नका, साधारणपणे ते फॅनच्या उघड्या क्षेत्रफळाच्या ८५ ते ९० टक्के ठेवतात, त्याहून खूप आवळलं तर फॅन गुदमरतो आणि जमिनीवरचा थ्रस्ट जातो.

ईएससी, म्हणजे मोटरचा स्पीड कंट्रोलर, फॅनच्या करंटपेक्षा वरचा घ्या, ९० अँपिअरचा फॅन असेल तर १२०चा, आणि तो अशा जागी लावा जिथे वाहती हवा लागेल. बॅटरी लांब पडते म्हणून बॅटरीच्या बाजूची वायर वाढवायचा मोह होतो, तो टाळा, त्याने ईएससीचे कपॅसिटर फुटतात. वाढवायचीच असेल तर मोटरकडची वाढवा. सर्वो जास्त असतील, रिट्रॅक्ट (आत जाणारी चाकं) आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या, उतरताना खाली होणाऱ्या पट्ट्या) असतील तर रिसिव्हरला वेगळा यूबीईसी, म्हणजे वीज पुरवणारा स्वतंत्र सर्किट, द्या, हवेत रिसिव्हर एकदा रीसेट झाला की बोलायलाही वेळ मिळत नाही. थ्रॉटल कॅलिब्रेट करा, फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावरच्या सेटिंगमध्ये, थ्रॉटल शून्य ठेवा, आणि ट्रान्समीटरवर थ्रॉटल कटचं बटण ठेवलंच पाहिजे, त्याबद्दल चर्चाच नको.

कंट्रोल उलटे तर नाहीत ना हे प्रत्येक वेळी बघायचं. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर. स्टिक मागे, तर एलेव्हेटर वर. जायरो, म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवणारा सेन्सर, असेल तर तो वेगळा तपासायचा, विमान हातात धरून उजवा पंख खाली झुकवला तर उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, शेपूट दाबून नाक वर केलं तर एलेव्हेटर खाली गेला पाहिजे. स्टिक बरोबर आणि जायरो उलटा अशी विमानं बघितलीत मी, धावपट्टीवर झकास दिसतात आणि चाक उचललं की तीन सेकंदात संपतात. लो रेट (कंट्रोलची कमी हालचाल) आणि २५ ते ३० टक्के एक्स्पो (स्टिक मधोमध असताना सौम्य प्रतिसाद) घालून ठेवा, जेट वेगात असतं तेव्हा छोटीशी हालचालही मोठी होते.

सीजी म्हणजे तोलाचा बिंदू, यात तडजोड नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या रेघेवर, त्याच बॅटरीने जी उडवायची आहे, आणि पहिल्या उड्डाणाला रेघेच्या किंचित पुढे, म्हणजे नाक जरा जड. रिट्रॅक्ट चाकं आत गेली की सीजी थोडा सरकतो, चाकं आत आणि बाहेर दोन्ही करून बघा. अजून एक गोष्ट ज्याकडे कुणी बघत नाही ती म्हणजे विमान चाकांवर उभं कसं राहतं. पुढचं चाक आखूड असेल तर नाक खाली झुकतं, पंख हवेला उलट्या कोनात भेटतो, मग विमान नुसतंच पळत राहतं, मुलगा घाबरून एलेव्हेटर जोरात ओढतो, विमान एकदम उडी मारतं आणि वेग पुरेसा नसल्यामुळे तिथेच स्टॉल होतं. नाक समपातळीत किंवा जरासं वर पाहिजे. आणि गवतावर छोट्या चाकांचं जेट पळवू नका, पोटाखाली जादा हवेसाठी भोकं असतील तर ती गवत आणि खडे आत ओढतात.

बॅटरीचं गणित सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे. ५००० एमएएचची बॅटरी ९० अँपिअरने साधारण २०० सेकंदात रिकामी होते, आणि लिपो कधीच पूर्ण रिकामी करायची नसते, ८० टक्के वापरायची, म्हणजे फुल थ्रॉटलवर १६० सेकंद. हवेत थ्रॉटल कमी ठेवलं की साडेतीन चार मिनिटं मिळतात. ट्रान्समीटरमध्ये टायमर लावा, पहिल्यांदा तीन मिनिटांचा, उतरल्यावर प्रत्येक सेलचा व्होल्टेज बघा, ३.७ च्या आसपास असेल तर ठीक आहे, त्याहून खाली गेला असेल तर टायमर कमी करा. पूर्ण चार्ज ४.२ आणि ठेवताना ३.८. फुगलेली किंवा पडलेल्या विमानातली बॅटरी घरात चार्ज करायची नाही आणि चार्जिंगला लावून झोपायला जायचं नाही. जुनी बॅटरी जमिनीवर चांगली वाटते पण टेकऑफला व्होल्टेज एकदम कोसळतो, म्हणून पहिल्या उड्डाणाला जुनी बॅटरी नको.

उडवताना वाऱ्याच्या समोरून, आणि आधी नुसतं टॅक्सी करून, म्हणजे जमिनीवर चालवून, विमान सरळ पळतं का ते बघायचं. थ्रॉटल सावकाश पूर्ण, वेग येऊ द्यायचा, घाई नको, मग एलेव्हेटर हलकासा. वर गेल्यावर भरपूर उंचीवर ट्रिम करायचं, म्हणजे स्टिक सोडली तरी सरळ उडेल असं जुळवायचं. तिथेच उंचीवर चाकं आणि फ्लॅप बाहेर काढून विमान हळू करून बघायचं म्हणजे कुठल्या वेगाला ते सोडतं हे कळतं, हे उतरायच्या आधी कळलं पाहिजे. वळताना जपा. ६० अंशांच्या झुकावात, उंची राखून वळलं तर, स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, म्हणून उतरण्याआधीचं शेवटचं वळण रुंद आणि वेगात घ्यायचं, धावपट्टी ओलांडून गेली म्हणून तिथे ओढायचं नाही, सरळ पुढे जायचं आणि पुन्हा यायचं. उतरताना थ्रॉटल अगदी शेवटपर्यंत थोडं चालू ठेवा, बंद केलं तर फॅनचं उघडं तोंडच ब्रेकसारखं काम करतं. फॅन शून्यावरून ताकदीत यायला वेळ घेतो, म्हणून गो अराऊंडचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचा, निर्णय लवकर घ्यायचा, जमिनीपासून हातभर वर असताना नाही.

ज्यांना जेट हवंच आहे त्यांनी आधी ट्रेनर, मग लो विंग (पंख खाली असलेलं) एलेरॉनचं विमान, आणि मग ६४ किंवा ७० मिमी फॅनचं साधं सरळ पंखांचं जेट असं जावं. मागे झुकलेल्या पंखांची फायटर नंतर.

एक विनंती. लेखासोबतच्या मोठ्या फोटोत एक मुलगा विमानाच्या बाजूला फॅनच्या अगदी रेषेत बसलाय, गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा लोंबतोय आणि एक हात हवा आत घेणाऱ्या तोंडाजवळ आहे. बॅटरी लावलेली असेल तर ही जागा सगळ्यात धोक्याची. पातं तुटलं तर ते बाजूला, फॅनच्या रेषेतच उडतं, आणि पट्टा, बाही, बोट सगळं आत जाऊ शकतं. बॅटरी लावल्यावर विमान मागून घट्ट धरायचं, हवेच्या झोताच्या बाजूला राहून, आणि बघणाऱ्यांना फॅनच्या रेषेतून हटवून मागे उभं करायचं. पुढच्या रविवारी त्याच जागी एक बरोबर फोटो छापलात आणि खाली दोन ओळी लिहिल्यात तर बरं होईल, आपली पुरवणी मुलं वाचतात.

आपला,
एक मॉडेल विमानप्रेमी वाचक